पावसाळ्यात लोकरी कव्हर गळतं तेव्हा लॅनोलिनच्या आधी काय तपासायचं

बाळाच्या सुती बाळोत्यावर लोकरीची विणलेली चड्डी, म्हणजे लोकरी कव्हर, घालणाऱ्या घरांतून जून सरता सरता एकच तक्रार येऊ लागते. "ताई, रविवारीच लॅनोलिन लावलं होतं, आणि आज परत गादी ओली." मग पुन्हा लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेण), पुन्हा दोन दिवस वाळत टाकणं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कव्हर हाताला चिकटायला लागतं, त्याला कुबट वास येतो, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं की मुंबईच्या हवेत लोकर हवीच कशाला, सरळ प्लास्टिकची चड्डी घाला.

मी बाळांसाठी लोकरी कव्हरं विणते. विणून दिलेली कव्हरं पावसाळ्यात तक्रारीसह परत येतात, तेव्हा ती हातात घेऊन बघते. त्यातल्या बहुतेकांना लॅनोलिनची गरज नसते. दोष आतल्या कापडात असतो, मापात असतो, लोकर म्हणून विकत घेतलेल्या धाग्यात असतो, किंवा जुलैच्या हवेत असतो. यातलं काहीही लॅनोलिनने सुटत नाही. म्हणून डबी उघडण्याआधी पुढचं तपासा.

ओल नेमकी कुठे आहे ते बघा

बाळाचं कव्हर काढताना घाई असते, मान्य आहे. पण एकदाच नीट बघा. ओल मांडीच्या काठाशी आहे, बुडाखाली आहे, की सगळं कव्हरच सारखं गार आणि दमट लागतंय? या तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

मांडीच्या काठाशी ओल असेल तर आधी आतल्या बाळोत्याच्या घडीची कडा शोधा. मलमलीचं किंवा जुन्या साडीचं बाळोतं असेल तर त्याचा एखादा कोपरा कव्हरच्या बाहेर डोकावत असतो, आणि तेवढा कोपरा पुरेसा होतो. सुती कापड ओल ओढत ओढत बाहेर आणतं आणि झबल्याला देऊन टाकतं. कव्हर चढवून झालं की दोन्ही मांड्यांभोवती एक बोट फिरवायचं आणि बाहेर आलेलं कापड आत खोचायचं. इतकं साधं काम आहे, आणि "गळतं" म्हणून आलेल्या कव्हरांचं सगळ्यात जास्त आढळणारं कारणही हेच आहे. कडा आत असूनही काठ भिजत असेल तर मांडीची रिब, म्हणजे काठाची ताणली जाणारी वीण, सैल झाली आहे का ते बघा. कव्हर पिळून वाळत घातलं की रिब ओढली जाते. तिथे आतून बारीक इलॅस्टिक ओवता येतं, किंवा रिब उसवून एक आकडा कमी जाडीच्या सुईवर पुन्हा विणता येते.

बुडाखाली, जिथे बाळ टेकतं नेमकी तिथेच ओल असेल, तर ती दाबाची ओल. भिजलेल्या घडीवर बाळाचं वजन आलं की पाणी लोकरीतून पिळून बाहेर येतं. मांडीवर, बेबी कॅरिअरमध्ये, गाडीच्या सीटमध्ये, लोकलमध्ये आईच्या कडेवर हे हमखास होतं. लोकरीचा यात काही दोष नाही. दाबाखाली पाणी धरून ठेवायला ती बनलेलीच नाही. घडी जाड करा. टेरी टॉवेलचा एक लांबट तुकडा मधोमध ठेवला की खूप फरक पडतो. मुलगा असेल तर तो तुकडा पुढच्या बाजूला दुमडून घाला, कारण मुलांचा ओला भाग पुढे असतो. बाहेर जायच्या आधी कोरडी घडी घालूनच निघा.

आणि सगळं कव्हरच दमट लागत असेल तर प्रश्न बहुधा हवेचा. त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण मुंबईत खरी गोम तिथेच आहे.

जुलैत लोकरीत जागाच कमी असते

लोकरीच्या तंतूचं बाहेरचं आवरण पाण्याच्या थेंबाला थारा देत नाही, पण वाफ आत घेतं आणि दुसऱ्या बाजूने सोडतं. धनगराच्या घोंगडीवरून पाऊस ओघळतो आणि तीच घोंगडी पांघरून निजलेल्याचा घाम आत कोंडत नाही, ते याच गुणामुळे. बाळाच्या कव्हरचं कामही हेच. शू धरून ठेवायची ती आतल्या सुती घडीने. कव्हरने घडीतून येणारी ओल वाफेच्या रूपात आत घ्यायची आणि बाहेरच्या हवेत सोडायची.

आता आकडे बघा. 100 ग्राम पूर्ण कोरडी लोकर आपल्या तंतूंच्या आत जास्तीत जास्त 33 ते 35 ग्राम पाणी सामावून घेते, आणि तोवर हाताला ओली अशी लागत नाही. पण ही जागा कधीच पूर्ण रिकामी नसते. हवेतला दमटपणा तिथे आधीच येऊन बसलेला असतो. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर त्याच लोकरीत 15 ग्रामच्या आसपास पाणी असतं. आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की 23-24 ग्राम.

कव्हरमध्ये निव्वळ लोकर 60 ग्राम धरा. तिची एकूण जागा साधारण 20 ग्राम पाण्याची. फेब्रुवारीत त्यातली 9 ग्राम हवेनेच व्यापलेली, उरली 11. जुलैत मुसळधार पावसाच्या आठवड्यात 14 ग्राम आधीच भरलेली, उरली 6. म्हणजे तेच कव्हर, तीच वीण, तेच बाळ, आणि ओल घ्यायची ताकद जवळजवळ निम्मी. शिवाय आत घेतलेली ओल बाहेर सोडायची तर बाहेरची हवा ती घ्यायला तयार हवी. खिडकीबाहेर संततधार लागलेली असताना ती कुठून घेणार? थंडीत रात्रभर टिकणारं कव्हर पावसाळ्यात मध्यरात्रीच हात टेकतं ते यामुळे. लॅनोलिन ही जागा वाढवत नाही. ते तंतूवर मेणाचा पातळ थर देतं, थेंब बाहेर ठेवतं, एवढंच.

म्हणून जून ते सप्टेंबर वेगळा हिशेब लावायचा. इतर वेळी दोन कव्हरांवर भागत असेल तर पावसाळ्यात चार हाताशी ठेवा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पुरता वेळ मिळतो. बदलण्याची वेळ अलीकडे आणा. रात्री बाळ एसीच्या खोलीत झोपत असेल तर एसी ड्राय मोडवर ठेवून बघा. खोलीतली आर्द्रता उतरली की कव्हरचं वागणं बदललेलं दिसेल. एसी नसेल तर पंखा चालू ठेवा आणि कव्हरवर प्लास्टिकचं काही घालू नका. पुष्कळ घरांत गादी वाचवायला बाळाच्या खाली रबरी शीट टाकतात. शीट राहू दे, पण तिच्यावर जाडसर सुती दुपट्याच्या दोन घड्या टाका, नाहीतर बाळ टेकलेल्या बाजूने वाफेला वाटच मिळत नाही.

कव्हर खरंच वाळलं की नुसतं वरवर कोरडं लागतंय, हे हाताला कळत नाही. लोकर इथे फसवते. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर कोरड्या दिवसांत एकदा प्रत्येक कव्हरचं वजन करून फ्रीजवर चिठ्ठी लावून ठेवा. जुलैत तेच कव्हर पाच-सहा ग्राम जास्त भरेल, ते स्वाभाविक आहे. दहा-बारा ग्राम जास्त भरलं तर टाक्यांमध्ये अजून ओल आहे. ते बाळाला घालू नका, आणखी एक रात्र पंख्याखाली राहू द्या.

आतलं कापड पाणी पितंय का?

आपल्याकडे हे कारण फार आढळतं आणि कुणी तिकडे बघत नाही. बाळाला रोज तेलाने मालिश होतं. खोबरेल, तिळाचं, बदामाचं, ज्या घरी जे असेल ते. अंघोळीनंतरही मांड्यांच्या वळ्यांत तेल राहतं, वर रॅशचं क्रीम लागतं, आणि हे सगळं घडीत उतरतं. महिनाभर असं झालं की मलमल वरून स्वच्छ पांढरी दिसते, पण पाणी पीत नाही. शू तिच्यावरून घरंगळत मांडीच्या काठाशी जाते. मग कव्हरला बोल लागतो.

परीक्षा सोपी आहे. धुऊन वाळलेल्या घडीवर चमच्याने थोडं पाणी टाका. लगेच जिरलं तर कापड ठीक. थेंब क्षणभर तसाच बसून राहिला, किंवा वरून पसरत गेला, तर कापडावर तेलाचा नाहीतर सॉफ्टनरचा थर आहे. अशी बाळोती कडक गरम पाण्यात नेहमीची पावडर घालून तासभर भिजवा, चोळून धुवा, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. फॅब्रिक सॉफ्टनर बाळाच्या कपड्यांतून कायमचा काढून टाका. अर्थात हे गरम पाण्याचं आणि पावडरचं काम फक्त सुती कापडांसाठी. लोकर त्या बादलीच्या आसपासही नको.

नवी कोरी सुती घडीही सुरुवातीला पाणी पीत नाही, तिला पाच-सहा धुलाया लागतात. आजीच्या जुन्या सुती साडीची बाळोती पहिल्या दिवसापासून चांगली चालतात कारण त्या कापडाच्या असल्या धुलाया केव्हाच होऊन गेलेल्या असतात. माझं मत विचाराल तर लोकरीखाली जुन्या नऊवारीच्या चार पदरी घडीइतकं चांगलं काही नाही.

पहिल्या दिवसापासूनच गळत असेल तर

धागा तपासा. दादर-भुलेश्वरपासून उपनगरांतल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत "बेबी वूल" म्हणून मिळणारे गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. स्वेटरला, टोपड्याला तो धागा छान. कव्हरला निरुपयोगी, कारण ॲक्रिलिकच्या तंतूत ओल जवळजवळ शिरतच नाही. पाणी टाक्यांच्या फटींतून सरळ बाहेर येतं, आणि त्यावर कितीही लॅनोलिन चोपडलं तरी नुसतं चिकट होतं.

गुंड्याचं वीतभर टोक तोडा आणि बेसिनवर चिमट्यात धरून काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, काडी दूर नेली की बहुधा आपोआप विझते, आणि मागे काळी राख उरते जी बोटांत चुरडते. ॲक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं, आणि थंड झाल्यावर टोकाला टणक गाठ राहते. वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर भाजतो, म्हणून धागा हातात धरू नका, आणि बाळ आसपास नसताना करा.

धागा खरी लोकर ठरला तरी एक शक्यता उरते. लेबलवर "सुपरवॉश" लिहिलेलं असेल तर त्या लोकरीच्या तंतूंवरचे खवले रासायनिक प्रक्रियेने निकामी केलेले असतात किंवा राळेच्या थराखाली झाकलेले असतात. मशीनमध्ये ती आटत नाही, हा तिचा फायदा. पण त्याच प्रक्रियेत पाणी परतवण्याचा गुण कमी होतो. असं कव्हर दिवसा, वारंवार बदलत, चालून जातं. रात्रीसाठी साधी, प्रक्रिया न केलेली लोकरच घ्या. मेरिनो मऊ असते, बाळाला टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर पाण्याला खरोखर भारी, पण इतकी राठ असते की बाळाच्या मांडीला मी ती सुचवणार नाही.

विणीचंही थोडं. टाके सैल असतील तर कव्हर उजेडासमोर धरल्यावर भोकं दिसतात. बुडाच्या भागात दुहेरी वीण किंवा घट्ट गार्टर (दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी वीण) हवी. आधीच विणून झालेलं सैल कव्हर मुद्दाम कोमट पाण्यात हलकं चोळून थोडं आटवता येतं, पण एका वेळी थोडंच करा आणि दर मिनिटाला बघत राहा, कारण आटलेली लोकर मागे फिरत नाही.

आधी चांगलं होतं, धुतल्यावर बिघडलं

आता लॅनोलिनची पाळी. कव्हर कोरडं असताना बाहेरून पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर तो गोल बसून राहिला तर मेण शाबूत आहे, डबी बंदच ठेवा. लगेच शोषला गेला तर मेण धुऊन गेलं आहे.

ते बहुधा कपडे धुण्याच्या पावडरने जातं. नेहमीच्या पावडरीत सोडा असतो, आणि अनेकींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. लोकर स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे ही एन्झाइम्स डागाबरोबर तंतूही खातात. ब्लीच तर त्याहून वाईट. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा समजावून सांगा, आणि लोकरी कव्हरांची बादली किंवा टोपली वेगळी ठेवा. पांढरं कव्हर पांढऱ्या लंगोटांच्या ढिगात गेलं की कुणाच्याही हातून ब्लीचमध्ये पडेल.

लोकरीसाठी इझीसारखं लोकरीचंच लिक्विड किंवा साधा बेबी शॅम्पू. कोमट पाणी, हाताला ना गरम ना गार. कव्हर उलटं करून बुडवा, दाबा, सोडा, दाबा, सोडा. चोळणं नाही, ब्रश नाही, नळाची जोराची धार नाही. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकणंही नको. शीचा डाग असेल तर तेवढाच भाग लगेच गार पाण्याखाली धरा, लिक्विडचा एक थेंब बोटाने हलके लावा. डाग सुकू दिला तर काम वाढतं.

इमारतीला टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर आणखी एक गोष्ट. महापालिकेचं तलावांचं पाणी, भातसा, तानसा, वैतरणाचं, तसं मऊ असतं. बोअरिंगचं जड. जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा करडा, मेणचट साका लोकरीत अडकून बसतो. कव्हर राठ लागतं, वास धरतं, आणि लॅनोलिनही त्यावर सारखं बसत नाही. अशा घरांत वडीचा साबण लोकरीला लावूच नका, आणि शेवटचं पाणी पालिकेचं किंवा फिल्टरचं घ्या. त्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं तर साका सुटायला मदत होते. सौम्य आम्ल लोकरीला सोसतं; सोडा सोसत नाही.

लॅनोलिन लावायची रीत बहुतेकींना माहीत असते, पण जिथे बिघडतं ती जागा सांगते. शुद्ध लॅनोलिन केमिस्टकडे स्तनाग्रांच्या चिरांसाठी ट्यूबमध्ये मिळतं. घटकांत लॅनोलिनशिवाय दुसरं काही नाही एवढं बघून घ्या. साठ-सत्तर ग्रामच्या कव्हरला अर्धा चहाचा चमचा पुरे. पेलाभर कडकडीत पाण्यात ते वितळवा आणि त्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब घालून चमच्याने घोटा. पाणी दुधाळ झालं पाहिजे. वर पिवळसर तवंग तरंगत असेल तर मेण फुटलेलंच नाही. असं पाणी कव्हरवर ओतलं की जिथे तवंग लागेल तिथे चिकट डाग पडतात आणि बाकीची लोकर कोरडीच राहते. "लॅनोलिन लावूनही गळतं" असं म्हणणाऱ्यांच्या कव्हरवर हे डाग बोटाला लागतात. आणखी दोन थेंब शॅम्पू घाला, घोटा, पुन्हा बघा. दुधाळ झाल्यावरच ते पाणी कोमट पाण्याच्या पातेल्यात मिसळा, हात घालून बघा, आणि मग ओलं कव्हर उलटं करून त्यात सोडा. रात्रभर राहू दे.

लॅनोलिन 38 ते 42 अंशांच्या आसपास वितळतं. मेच्या दुपारी घरात 34-35 अंश असतात आणि बाळाच्या अंगाची ऊब वेगळी, त्यामुळे जास्तीचं लॅनोलिन मुंबईत नुसतं मऊ पडून राहतं, चादरीला लागतं, धूळ ओढतं. चिकट कव्हर कोमट पाण्यात थोड्या लिक्विडबरोबर अर्धा तास भिजवून एकदा धुवा. बहुतेक वेळा धुतल्यावर कळतं की आत पुरेसं मेण आहे आणि नव्याने लावायची गरज नाही. घरात आजी विणकाम करणारी असेल तर तिला लॅनोलिनचं माप नेमकं सांगा. नाहीतर लॅनोलिनऐवजी खोबरेल लावलं जातं. खोबरेल खवट होतं आणि वास राहतो.

वाळवणं

पावसाळ्यात ओल्या कव्हरचं निम्मं नुकसान दोरीवर होतं. ओली लोकर जड असते, दोरीवर लोंबकळली की मांड्या लांब होतात आणि रिब सुटते. पिळू नका. जाड टॉवेलवर कव्हर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा, आणि तिच्यावर गुडघा टेकून दाब द्या. टॉवेल बदलून पुन्हा एकदा. घरात सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर कव्हर कोरड्या टॉवेलात गुंडाळून फक्त ड्रायरच्या भांड्यात एक मिनिट फिरवा. त्या फिरण्यात घासणं नसतं, त्यामुळे लोकर आटत नाही, आणि वाळायचा वेळ खूप कमी होतो. धुण्याच्या भांड्यात मात्र कधीच नाही.

मग कपड्यांच्या स्टँडवर आडवं, पंख्याखाली, मधूनमधून उलटं करत. बाल्कनीत ग्रिलजवळ ठेवलं तर पावसाची हवा त्याला वाळू देत नाही. घरातली आतली खोली बरी. इस्त्री फिरवून वाळवू नका, गॅसजवळ ठेवू नका. पाऊस थांबून ऊन पडलं की तासभर उन्हात धरा. उन्हाने पांढरी लोकर कालांतराने पिवळसर पडते, पण पावसाळ्यातलं ते तासभर ऊन वास घालवायला अतिशय उपयोगी.

वासाबद्दल

ओल्या लोकरीला मेंढीचा किंचित वास येतो, तो वाळला की जातो. अमोनियाचा, डोळ्यांना झोंबणारा वास आला तर कव्हर धुवायला आलं आहे. शू लागलेलं कव्हर दर वेळी धुवावं लागत नाही, हवेवर टाकलं की पुरतं, हे खरं. पण ते वाक्य कोरड्या हवेच्या देशांतून आपल्याकडे आलं. जुलैत कव्हर हवेवर टाकून वाळतच नसेल तर वासही जाणार नाही. इतर वेळी मी दोन-तीन आठवड्यांनी धुते, पावसाळ्यात दर आठवड्याला. कुबट, बंद कपाटासारखा वास म्हणजे बुरशीची सुरुवात. लगेच धुवा, शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा. काळे ठिपके पडले असतील आणि धुऊन जात नसतील तर ते कव्हर बाळाला घालू नका, कितीही मेहनतीने विणलेलं असो.

बाळाला घामोळं आलं असेल, मांड्या लाल असतील, तर काही दिवस लोकर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. काही बाळांना लॅनोलिनही सोसत नाही. मेच्या भर दुपारी मी तर कुठलंच कव्हर सुचवत नाही. नुसती सुती घडी आणि खाली दुपटं.

ठेवणीतली कव्हरं

एखादं माप लहान झालं की ते पुढच्या बाळासाठी ठेवलं जातं, आणि वर्षाने काढलं की टाक्यांना भोकं. कसर लागलेली असते. कसरीला लोकर हवी असते, आणि त्यातही घामाचा, दुधाचा, शूचा अंश राहिलेली लोकर जास्त. ठेवण्याआधी धुवा, पूर्ण वाळवा, काट्यावर वजन करून खात्री करा. मग झिपच्या पिशवीत घालून आठवडा-दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच राहू द्या, ती खोलीच्या तापमानाला आली की मगच कपाटात ठेवा, म्हणजे लोकरीवर दव धरत नाही.

डांबरगोळ्या घालू नका. हे मी विणून दिलेल्या प्रत्येक कव्हरबरोबर सांगते. पुष्कळ डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असतं. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ, पांडुरोग होऊ शकतो. अशा गोळ्यांत ठेवलेली दुपटी आणि कपडे न धुता घातल्याने नवजात बाळं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ही कमतरता आपल्या देशातल्या अनेक समाजांत आढळते, आणि तपासणी केल्याशिवाय ती कळत नाही. म्हणून नात्यातून कुणी प्रेमाने जुनी लोकरी कव्हरं, कुंच्या, मोजे दिले आणि ट्रंक उघडताच तो ओळखीचा वास आला, तर काहीही बाळाला घालू नका. सगळं बाळापासून दूर, दुसऱ्या खोलीत पंख्याखाली पसरून ठेवा, धुवा, वाळवा, पुन्हा हुंगून बघा. वास पूर्ण जाईपर्यंत हे करत राहा, आणि जात नसेल तर ते कव्हर बाळासाठी वापरू नका.